डाव्या पायातला वाळा

४ मार्च, मंगळवार, सुरत
खेळण्यांच्या शेडमध्ये आजपासून पॅकिंग सुटलं. चेकिंगच्या टेबलावर बसवलं. काम बसून आहे, पंख्याखाली आहे, पण डोकं उठतं.
मास्टरनं स्टीलचा एक पेला हातात दिला. छोटा, आत तिरपा तळ. म्हणे, "ए जलगाँव, ये बच्चे का गला है. जो अंदर गया वो माल फेल." इथं कोणाला नाव नाही, गावाच्या नावानं हाक. मी बोदवडकडचा, तरी मी जळगाव. माझ्या खोलीवरचा इम्रान फैजपूरचा, तो पण जळगावच. एकाला हाक मारली की दोघं उठतो.
काम असं. कुत्रा घ्यायचा, त्याचा डोळा हुकात पकडायचा, काटा आकड्यावर जाईपर्यंत ओढायचा, दहा मोजायचे. डोळा निघाला तर गळ्यात टाकायचा. आत पूर्ण बुडाला की तो लॉट बाद. कापडाचा कुत्रा आहे पण ओढताना तोंड असं वाकडं करतो की
हसू आलं. मास्टर म्हणे हसतो काय. एक टप्पल दिली मानेवर.
वही बाद रजिस्टरची आहे. मागची पानं कोरी होती. आणली.

९ मार्च, रविवार
सुट्टी. कपडे धुतले. अक्काला फोन लावला शिंदखेड्याला. वेदू आता दहावा महिना. रांगतो. जे दिसंल ते तोंडात. अक्का बोलत होती तेवढ्यात चप्पल चाटत होता.
मागून तिची सासू, मुद्दाम मोठ्यानं, "मामा खेळनास्ना कारखानामा शे आनि भाचाले एक खुळखुळा नई!"
अक्का म्हणे, मनावर घेऊ नको. मी घेतलं. मी म्हणलं थांब म्हातारे.

१५ मार्च, शनिवार
आज कळलं बाद माल कुठं जातो.
मला वाटायचं जाळत असतील. गोणीत भरला, पायानं दाबला, सुतळीनं शिवला. दुपारी टेम्पो आला. जत्रावाला. किलोवर घेऊन जातो. मास्टरनं त्याला चहा पाजला. आम्हाला नाही पाजत.
मी विचारलं, हे कुठं विकतात? जत्रावाला म्हणे, "तुम्हारे ही उधर. नंदुरबार, शिरपूर, शिंदखेडा. उधर कौन गला नापता है?"
सगळे हसले. मी पण हसलो. इम्रान नाही हसला. त्याच्या घरी तीन भाचे आहेत.

१६ मार्च
आपल्या शेडचा माल ओळखायची खूण: पोटाच्या शिवणीचा दोरा नारंगी. कुत्रा पांढरा असो की काळा, दोरा नारंगीच. मालकानं कुठून तरी स्वस्तात दोऱ्याचा मोठा कोन आणलेला, तो संपेना.

२३ मार्च, रविवार
गळा खिशात घालून आलो खोलीवर. उद्या परत नेईन.
दिवसभर तोच खेळ. शर्टाचं बटण, गेलं. पेनाचं टोपण, गेलं. लसणाची पाकळी, गेली. इम्रानची चांदीची अंगठी, गेली. इम्रान म्हणे, "भो, तुझी अक्कल टाकून बघ, ती पण जाईल." मी म्हणलं तुझी टाकली तर आवाज पण नाही येणार.
पण खरं सांगतो, आता नजरच तशी झाली. रस्त्यानं चाललो तरी खडा दिसला की मनात येतं, जाईल का. लोकांच्या पोरांकडं बघतो तर तोंड नाही दिसत. गळा दिसतो.

२४ मार्च
परत नेला नाही. टेबलावर दुसरा होता.

२ एप्रिल, बुधवार
आज मोजदाद झाली. एक गळा कमी. मास्टर भडकला. शांताबेन शेवटच्या टेबलावर बसते, म्हातारी बाई, एका डोळ्यानं कमी दिसतं. तिच्या पिशवीत बाद कुत्र्याचे चार डोळे सापडले. नातवाच्या गणपतीला लावायला नेत होती म्हणे. मास्टर म्हणे डोळे चोरले म्हणजे गळा पण तूच चोरला. गेटबाहेर काढली. ती रडत नव्हती, नुसती पिशवी उलटी करून करून दाखवत होती. हे बघा, हे बघा.
गळा माझ्या पँटच्या खिशात होता. मांडीला टोचत होता.
इम्रान माझ्याकडं बघत होता. मी कुत्रा ओढला, दहा मोजले.

३ एप्रिल
शांताबेनच्या जागी नवीन पोरगी आली. लवकर शिकली.

१७ एप्रिल, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन. वेदूचं जाऊळ ठरलं, चार मे, रविवार, शिंदखेड्याला, त्यांच्या घरीच. मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे, म्हणून मी पाहिजेच. मी नसलो तर दुसऱ्या कोणाची तरी मांडी बघतील, आणि मग ते आयुष्यभर काढतील.
आई म्हणे, "बाबू, रिकाम्या हातानं जाजो नको. मह्या पोरीले खातीन ते लोक." पोराला कपडे, टोपी आणि चांदीचे वाळे. वाळे घुंगराचे पाहिजे, मुके नको. सासूनं निरोप दिला आहे, पोरगं कुठं रांगतं ते ऐकू आलं पाहिजे.
मी म्हणलं, आणीन. असे आणीन की म्हातारीला झोप नाही लागणार.

२० एप्रिल
वेदूसाठी खेळणं निवडतो आहे. चांगल्या लॉटमधून, मास्टरला सांगून. रोज जेवणाच्या सुट्टीत एक बघतो.
गाडी नको, चाकाची पिन निघते. बोलणारी बाहुली नको, बॅटरीचं झाकण नुसतं दाबून बसतं, स्क्रू नाही. ती गोल चपटी बॅटरी, ती तर पोटात गेली की आतून जाळते, हे मास्टरनंच सांगितलेलं, आणि त्याच बाहुलीचा ट्रक भरून गेला. दोरीवाली मैना नको, दोरी माझ्या वितीपेक्षा लांब. रंगीत ठोकळा दातानं खरवडला, रंग जिभेवर आला. नको.
शेवटी रिंगांची दांडी घेतली. पाच रिंगा, सगळ्यात छोटी पण गळ्यात जात नाही, वरच राहते. कडा स्वतःच्या ओठावरून फिरवल्या. दांडी दगडावर आपटली तीनदा. इम्रान म्हणे, "भाच्यासाठी आहे का वीटभट्टीसाठी?"

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
सुट्टी नाही. दोनच दिवसांनी जायचं, म्हणून आज मागायची हिंमत नव्हती.
आईनं फोनवर झोका दाखवला. निंबाला बांधलेला, पोरी गाणं म्हणत होत्या, आवाज फाटत होता. अक्का दिसली नाही. आखाजीला गावातल्या सगळ्या पोरी माहेरी आल्या, अक्काला नाही पाठवलं. दाजी म्हणे चार दिवसांनी जाऊळ, दोन दोन वेळा कोण खर्च करेल. आईनं पुरणपोळी तरी केली. कोणासाठी?
मांडे नाही केले. अक्काला आवडतात म्हणून.

२ मे, शुक्रवार, जळगाव
घरून आईला घेतलं, जळगावला उतरलो, सराफात गेलो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं.
सोनार म्हातारा, चष्म्याला दोरा बांधलेला. वाळे दाखवले, दोन दोन घुंगरांचे. मी म्हणलं, हे काय वाजणार? जास्त घुंगराचे दाखवा. तो म्हणे, "जास्त घेता येतील, पण मग कडी बारीक येते बाळा. लहान पोराच्या पायात साधेच बरे."
आई म्हणे, साधे घे ना.
मी म्हणलं, नाही. आठ आठ घुंगरांचे. तिथल्या तिथं बसवून घेतले. सोनारानं एकेक कडी पकडीनं दाबली. मी वाजवून पाहिले. दुकानाबाहेरची गाय वळून बघायला लागली.
गळा खिशातच होता. सारखा असतो.

४ मे, रविवार, शिंदखेडा
सकाळी दहाला न्हावी आला. वेदूला मांडीवर घेतलं. बाहेरून मऊ दिसतो पण ताकद भारी. दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले, डोकं आईनं धरलं. असा ओरडला की शेजारचे पण आले. केस माझ्या धोतराच्या ओच्यात पडले. धोतर दाजीचं, मला मोठं होत होतं. शेवटी डोकं स्वच्छ, गुळगुळीत, हळद लावली, स्वस्तिक काढलं. माझ्याकडं बघून हुंदके देत होता. मी म्हणलं बघ, मामा वाईट आहे, आतापासून शीक.
वाळे घातले. उतरवला तसा रांगत सुटला. छुम छुम छुम. सगळे हसले. सासूनं पण मान हलवली. "मामानी हौस करी, बरं."
मला वाटलं जिंकलो.

(नंतर)
मग ते झालं. लिहू का नको.
वेदू कोपऱ्यातून तोंडात धरून काहीतरी घेऊन आला. पांढरा कुत्रा. एक डोळा ओला, चोखून चोखून लोंबत होता. मी उलटा केला. पोटाचा दोरा नारंगी.
विचारलं, कुठून आणला? सासू म्हणे, मी लई दिधा जत्रामातून. मी स्वतः.
माझ्या डोक्यात काय गेलं. म्हणजे माझ्याच हातानं गोणीत भरलेला. मी सगळ्यांसमोर दोन्ही डोळे ओढून तोडले. नाकही. वेदू किंचाळला, त्याचा कुत्रा. मी खिशातून गळा काढला, डोळे आत टाकले, सगळ्यांना फिरवून दाखवलं. बघा. हा तुमच्या पोराचा गळा आहे. बघा गेले की नाही.
इथं थांबायला पाहिजे होतं.
नाही थांबलो. घरभर फिरलो गळा घेऊन. सुपारी, गेली. शेंगदाणा, गेला. रिमोटची बॅटरी, गेली. देव्हाऱ्यातल्या कवड्या, गेल्या. पाहुणे बघायला मागे मागे. एक म्हातारा म्हणे, मना दात टाकी दखा. हशा. मला हशा चढला. सासूच्या पेटीवर बटणांचा डबा होता, तो उपडा केला. मी म्हणलं, हे घर आहे का सापळा? पोरगं आतापर्यंत जगलं कसं हेच नवल.
सासू उठली. "हाऊ मामा शे का फौजदार? मना घरमा येई मनी झडती?"
कोणी हसलं नाही मग.
पंगत बसली. दाजी आत गेला. स्वयंपाकघरातून आवाज आला. एकच. चापटीचा. मग काकणांचा. मग काहीच नाही.
पंगत चालू होती. माझ्या बाजूचा म्हातारा कढी मागत होता. आई माझ्याकडं बघत होती. मी भात कालवत राह्यलो.
अक्का वाढायला आली तेव्हा पदर गालावरून ओढलेला. मला वरण वाढलं. तूप जरा जास्त टाकलं.

५ मे, सोमवार
गाडीत. आई जळगावच्या बाजूला गेली, मी सुरतेच्या. अक्का स्टेशनवर आली नाही, येऊ दिली नाही. निघताना सासू ओट्यावर बसलेली, मांडीवर तो आंधळा कुत्रा, त्याला डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे टाके घालत होती. मला न बघता म्हणे, "डोया काढी लिधात मामानी. ध्यानमा ठेवसु मी."
ठेव.
एक तर झालं. त्या घरात आता गळ्यात जाईल असं काही उरलं नाही. मी सगळं बघितलं.

११ मे, रविवार
फोन. वेदूला खोकला आहे. सासू म्हणे बर्फाचा गोळा चाटवला कोणीतरी. ऊन किती आहे तिकडं. मागे वाळे वाजत होते.

१३ मे
काही नाही. नवीन लॉट, अस्वलं. डोळे पक्के आहेत. ओढून ओढून खांदा दुखतो.

१६ मे, शुक्रवार
खोकला जात नाही. शिंदखेड्याच्या डॉक्टरनं पातळ औषध दिलं. अक्का म्हणे ताप नाही, सर्दी नाही, नाक कोरडं. पण झोपला की छातीतून शीळ वाजते. बारीक. तिनं फोन त्याच्या छातीला लावला. मला पंख्यामुळं ऐकू नाही आली. किंवा आली.

१८ मे, रविवार
दुपारी व्हिडिओ कॉल. वेदू पाठीवर पडलेला, दोन्ही पाय फोनकडं, आंधळा कुत्रा उराशी. मी म्हणलं, मामाला पाय दाखव, वाळे दाखव.
उजव्या पायात आठ.
डाव्या पायात सात.
मी पुन्हा मोजले. नेटवर्क गेलं. फोटो काढून ठेवला होता, तो मोठा करून मोजले. सात. आणि एका जागी नुसती कडी, तोंड उघडलेली.
इम्रान अंगावर पाणी घेत होता. ओल्या हातानंच फोन धरला. त्यानं तोंडातल्या तोंडात मोजले. "भो, सात आहेत."
फोन परत दिला आणि बादलीकडं गेला.
रिंगा ओठावरून फिरवल्या. ठोकळे चावले. सुपारी, कवडी, बटण. वाळा नाही टाकला गळ्यात. एकदा पण नाही. का? चांदी म्हणून. मामाचं म्हणून. सोनार म्हणाला होता ना रे, कडी बारीक येते.
घुंगरू कुठंही पडलं असेल. ओट्यावर, गल्लीत, गोठ्यात. रांगतं पोरगं.

१९ मे
फोन केला नाही. सांगितलं तर काय होईल ते माहीत आहे. दाजी अक्काला बदडेल. सासू गावभर सांगेल, मामानं चांदीत मरण आणलं. आई ऐकेल. आणि निघालं कुठं तरी गल्लीत, तर उगाच.
आज बघू उद्या बघू.

२० मे
नाही केला.

२१ मे, बुधवार
नाही.
इम्रान जेवता जेवता म्हणे, "शांताबेनच्या टायमाला पण तू असाच जेवत होता."
मी ताट फेकलं. त्याला लागलं कपाळाला. त्यानं पुसलं आणि माझाच फोन माझ्यापुढं ठेवला.
नाही केला तरी.

२२ मे, गुरुवार
केला. सुट्टीची घंटा व्हायच्या आत, टेबलावरूनच. मास्टर ओरडत होता तिकडून.
अक्काला सांगितलं. डाव्या पायातलं एक घुंगरू नाही. कधीपासून नाही ते बघ. घरात शोध. आणि पोराचा फोटो काढायला ने, छातीचा, एक्सरे, आजच्या आज, धुळ्याला.
ती म्हणे, "तूच आणले ना रे ते?"
हो.
"तुले कधी दिसलं?"
रविवारी.
"आज गुरुवार शे, बाबू."
फोनमधून पोराचा श्वास ऐकू येत होता. आज आली शीळ ऐकू.

२३ मे, शुक्रवार
अक्कानं दोन दिवसांचा केर चाळला. गोठा, ओटा, गोधड्या. नाही. मग नाइलाजानं सासूला विचारलं, तुम्ही पाहिलं का घुंगरू. सासू म्हणे, "मीच काढी ठेयेल शे. पेटीमा. नजर लागू नई म्हनीसन."
मी फोनवर उडालोच. म्हणलं बघ, सुटलो, दाखव म्हण.
दाखवत नाही. पेटीला कुलूप, चावी कमरेला. म्हणे, "इतली झडती लिधी ना मना घरनी. आते मामाले म्हन, शोध."
दाजी म्हणे आईनं ठेवलं म्हणते ना, मग कसला एक्सरे, कसलं धुळं. तुझ्या भावाला घोर लागू दे चार दिवस.

२४ मे
मग खोकला कशाचा?

२५ मे, रविवार, शिंदखेडा
मास्टरला न सांगता आलो. पहाटेच्या गाडीनं, उभ्यानं, नवापूरपर्यंत एका पायावर.
वेदू अक्काच्या खांद्यावर. मला ओळखलं, माझ्या कानाकडं हात केला, मग खोकला लागला. खोकताना ओठ कडेनं निळे होतात. मी पाहिलं. अक्का रोज पाहते. ती मला म्हणे, "वाळे काढले मी. ऐकायला नको वाटे." आणि फडक्यात बांधलेले माझ्या हातावर ठेवले. काढू दिले का सासूनं म्हणून विचारलं नाही.
सासू पेटीवर बसलेली. शब्दशः, वर. मी म्हणलं, मावशी, घुंगरू दाखवा, मी लगेच परत जातो, तोंड नाही दाखवणार पुन्हा.
ती म्हणे, "मी काब्र दखाडू? तू मोठा डोयावाला शे ना. दख."
मी पाय धरले. खरंच धरले. त्याच बाईकडं जाऊळाच्या दिवशी मी वरून बघितलं होतं. तिनं पाय ओढून नाही घेतले, ठेवू दिले. वरून म्हणे, "बठ्ठा गावसमोर तू मनी लाज काढी. पाहुनास्नी हसाई लिधं. मनी बटनं जमिनवर. आते तू भी आंधया व्हय थोडा दिन."
दाजी दारात उभा, दात कोरत.
मग वेदूला उबळ आली. लांबली. अक्कानं उलटं धरलं, पाठ थोपटली, काही नाही निघालं, नुसती लाळ. आणि त्या खोकल्याच्या शेवटी ती शीळ, बारीक, घुंगराच्या आत हवा जाते तशी. दाजीनं दात कोरायचं थांबवलं.
पहिल्यांदा त्यानंच म्हणलं. सकाळी पहिल्या एस्टीनं जाऊ.

२६ मे, सोमवार, धुळे
दवाखान्याच्या बाहेरच्या फरशीवर बसून लिहितो. नंबर यायचा आहे. समोर एक्सरेचं दार, लाल दिवा.
एस्टीनं आलो. सासू पण आली. तिला कोणी ये म्हणलं नव्हतं. खिडकीत बसली, मांडीवर तो कुत्रा, काळे टाके घातलेला. सोनगीरला गाडी थांबली तेव्हा तिनं वेदूला पाणी पाजायला हात पुढं केला. अक्कानं पोर दुसरीकडं वळवलं. म्हातारी तशीच हात पुढं धरून बसली, गाडी सुटेपर्यंत.
मशीनवाला म्हणे, पोराच्या अंगावर धातूचं काही ठेवू नका. गळ्यातला ताईत काढला, करदोटा काढला. करदोट्याला मणी होता, मी खिशात हात घालून गळा धरला, मग सोडला. आता कशाला.
डावा वाळा माझ्याकडं आहे. मोकळ्या कडीच्या शेजारचं घुंगरू नखानं ओढून पाहिलं. हुक लावायची गरज नव्हती, दहा मोजायची पण नाही. तीन मोजले तेवढ्यात निघालं. गळ्यात टाकलं. तळाला जाऊन पडलं, वर एवढी जागा की आणखी चार मावतील.
अक्का बघत होती. दाजी बघत होता. मला वाटलं आता मारेल. मारलं नाही. मारायला पाहिजे होतं.
सासू खाली बसली माझ्याजवळ. कमरेची चावी काढून माझ्या वहीवर ठेवली. मी बघतच राह्यलो. ती दुसरीकडं तोंड करून म्हणे, "पेटीमा काहीच नई शे."
मी म्हणलं, काय?
"मी खोटं बोलनू. तुले घोर लागाले पाहिजे म्हनीसन. माले काय माहीत..." कुत्र्याच्या डोळ्यावरचा टाका नखानं उसवायला लागली. उसवून परत बोटानं दाबायला लागली.
तीन दिवस तिनं खाल्ले, चार दिवस मी.
नाव पुकारलं. वेदांत. अक्का आत गेली पोराला घेऊन. म्हणाले एकानंच यायचं. दार लागलं.
आतून खोकला. मशीनवाला म्हणतो, हलू देऊ नका, धरून ठेवा. ती धरत असेल. जाऊळाला मी धरला होता तसा.
दोन्ही वाळे मुठीत आवळून धरलेत, वाजू नयेत म्हणून. वाजतातच.